शिशाच्या नळ्या बदलताना नोंद कुठे चुकते

अमेरिकेतल्या जुन्या शहरांत रस्त्याखालच्या मुख्य जलवाहिनीपासून घरातल्या मीटरपर्यंत जी पाऊण-एक इंचाची नळी येते, ती कित्येक ठिकाणी आजही शिशाची आहे. तिकडे तिला सर्व्हिस लाइन म्हणतात, मी इथे ‘जोडणी’ म्हणेन. नव्याने शिशाची नळी घालायला १९८६ मध्ये बंदी आली. तोवर शिकागोत घरगुती जोडणी शिशाचीच असली पाहिजे असा शहराचा नियमच होता, म्हणून एकट्या शिकागोत अशा जवळपास ४ लाख जोडण्या आहेत. लहान मुलांच्या बाबतीत ‘एवढं शिसं चालेल’ अशी मर्यादा नाही. त्यामुळे प्रत्येक नळी शोधून, उपसून, बदलणं हाच खरा उपाय.

ऑक्टोबर २०२४ मध्ये ईपीएने, म्हणजे अमेरिकेच्या केंद्रीय पर्यावरण संस्थेने, नवा नियम काढला. पाण्यात शिसं किती आढळलं की खात्याने पावलं उचलायची, ती कारवाईची पातळी लिटरमागे १५ मायक्रोग्रॅमवरून १० वर आणली आणि बहुतेक शहरांना १ नोव्हेंबर २०२७ पासून १० वर्षांत शिशाच्या सगळ्या जोडण्या बदलायला सांगितलं. जोडण्यांची पहिली यादी १६ ऑक्टोबर २०२४ पर्यंत राज्याकडे द्यायची होती. ती सगळ्यांनी दिली असं धरलं तरी त्या यादीवर रोजचं काम चालवता येतं का, हा वेगळा प्रश्न आहे. कारण नळी बदलायचं तंत्र जुनंच आहे. मॅडिसन शहराने २००१ पासून साधारण दहा वर्षांत आपल्या जोडण्या बदलल्या, लान्सिंगने २०१६ च्या अखेरीस १२,००० च्या वर जोडण्यांचं काम पुरं केलं. खड्डा खणणारे हात तयार आहेत. काम फसतं ते नोंदीपाशी: कुठल्या घराची नळी, कुठली बाजू, कोणी पाहिली, कधी पाहिली. ही नोंद संगणकावर कशी ठेवायची आणि ती नेमकी कुठे दगा देते, एवढंच इथे लिहितो.

जोडणीला स्वतःचा क्रमांक द्या

बहुतेक पाणी खात्यांकडे बिलाचा डेटाबेस तयार असतो आणि त्यातूनच यादी काढायचा मोह होतो. बिलातला खाते क्रमांक भाडेकरू बदलला की बदलतो. मीटर बदलला की मीटरचा क्रमांक बदलतो. पत्ता तर सगळ्यांत बेभरवशाचा. कोपऱ्यावरच्या घराचा पत्ता एका रस्त्याचा आणि नळी दुसऱ्या रस्त्यावरून आलेली. एका नळीवर चार सदनिका. एका प्लॉटवर दोन नळ्या. जुन्या भागात एकाच फेरूलवरून, म्हणजे मुख्य वाहिनीला नळी जिथे जोडतात त्या तुकड्यावरून, दोन घरांना फुटलेली नळीही सापडते, आणि तिथे एका घराची नळी बदलून दुसऱ्याचं पाणी बंद होतं.

म्हणून जोडणीला स्वतंत्र, अर्थहीन, कधीही न बदलणारा क्रमांक द्यायचा. त्यात वॉर्ड, रस्ता, साल काही गुंफायचं नाही. खातं, मीटर, प्लॉट, पत्ता या चारही गोष्टी त्या क्रमांकाला वेगळ्या तक्त्यांतून जोडायच्या, म्हणजे एका जोडणीला अनेक पत्ते आणि एका पत्त्याला अनेक जोडण्या लावता येतात. हे पहिल्या आठवड्यात केलं तर दोन दिवसांचं काम आहे. दोन वर्षांनी करायला गेलात तर हजारो फोटो कुठल्या नळीचे हे शोधत बसावं लागतं.

पत्ते जुळवताना एक तपासणी हमखास करा: जुळलेल्या पत्त्यांची टक्केवारी बघून खूश होऊ नका, एकाच जोडणीला चिकटलेले पत्ते मोजा. ‘नॉर्थ’ आणि ‘साउथ’ गाळून जुळवणी झाली असेल तर १०० टक्के जुळतं आणि त्यातलं बरंचसं चुकीचं असतं.

स्प्रेडशीट आणि पाऊण इंच

छोट्या गावांत ५००-१,००० जोडण्यांसाठी स्प्रेडशीट पुरते, ईपीएने तसा नमुनाही दिलेला आहे. त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. पण एक प्रकार इतका सर्रास दिसतो की तो जवळून दाखवायलाच हवा. व्यासाच्या रकान्यात कुणी ३/४ टाइप करतं. एन्टर दाबताक्षणी तिथे ४ मार्च उमटतं. ५/८ चा ८ मे होतो, १/२ चा २ जानेवारी. टाइप करणाऱ्याची नजर कागदावर असते, त्याला ते दिसत नाही. सहा महिन्यांनी ती फाइल जीआयएसमध्ये (नकाशावर माहिती ठेवणाऱ्या संगणकप्रणालीत) चढवली की व्यासाच्या रकान्यात पाच आकडी संख्या येतात, कारण तारखेच्या पोटात दिवसांची मोजणी असते. मग कुणीतरी तो रकाना कचरा समजून पुसून टाकतं.

उपाय साधा आहे. व्यास दशांशात, ठरावीक यादीतून निवडायचा: ०.५, ०.६२५, ०.७५, १, १.२५, १.५, २. खाते क्रमांकाचा रकाना डेटा भरण्याआधीच ‘टेक्स्ट’ करायचा, नाहीतर ००४१२ चं ४१२ होतं आणि बिलाशी जुळत नाही. दोन माणसांनी फाइलची आपापली प्रत सुधारायला सुरुवात केली, की स्प्रेडशीटचे दिवस संपले असं समजा. तिथून पुढे खरा डेटाबेस हवा, मग तो आर्कजीआयएस या नकाशाच्या सॉफ्टवेअरचा असो किंवा क्यूजीआयएस या तसल्याच सॉफ्टवेअरच्या मागे उभा केलेला पोस्टग्रेस. कुठलंही घ्या, करारात दोन ओळी लिहून घ्या: डेटा पाणी खात्याच्या मालकीचा, आणि मागितला की फोटोंसकट उघड्या स्वरूपात परत मिळायचा.

दोन बाजू, आणि वर्गवारी हाताने लिहायची नाही

कर्ब स्टॉप म्हणजे फुटपाथपाशी जमिनीत असलेला व्हॉल्व्ह. बऱ्याच शहरांत तिथवरची नळी खात्याची आणि तिथून आतली घरमालकाची. दोन्ही बाजू वेगवेगळ्या धातूच्या असू शकतात, म्हणून धातूचे रकाने दोन, आणि प्रत्येकाला पुराव्याचा, तारखेचा आणि पाहणाऱ्याचा आपापला रकाना. मुख्य वाहिनीपाशी जो हातभर वळवलेला शिशाचा तुकडा असतो, ज्याला गूजनेक म्हणतात, त्यासाठी तिसरा.

नियमात वर्ग चार आहेत: शिशाची, बदलण्याजोगी गॅल्व्हनाइज्ड (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडाची), बिनशिशाची आणि अज्ञात. हा वर्ग कुणालाही हाताने निवडू देऊ नका. तो दोन्ही बाजूंच्या धातूंवरून संगणकाने काढायचा, तोही ठरल्या क्रमाने. आधी बघायचं, कुठलीही एक बाजू शिशाची आहे का. असेल तर सगळी जोडणी शिशाची, दुसरी बाजू माहीत असो वा नसो. नसेल तर घराकडची बाजू गॅल्व्हनाइज्ड आहे का, आणि तिच्या वरच्या अंगाला, म्हणजे रस्त्याच्या बाजूला, शिसं आहे, पूर्वी होतं, किंवा कधीच नव्हतं हे सिद्ध करता येत नाही, असं आहे का. असेल तर ती बदलण्याजोगी. त्यानंतर कुठलीही बाजू अज्ञात असेल तर जोडणी अज्ञात. हे सगळं ओलांडून जी उरते तीच बिनशिशाची. हा क्रम उलटा लावला तर शिशाच्या जोडण्या ‘अज्ञात’च्या ढिगात जातात.

‘पूर्वी होतं’ हे दोन शब्द सगळ्यात जास्त नुकसान करतात. गॅल्व्हनाइज्ड नळीच्या आतल्या गंजाच्या थरात वर्षानुवर्षं वरून आलेलं शिसं साठतं आणि वरची शिशाची नळी काढून टाकल्यावरही ते थोडं थोडं सुटत राहतं. आता समजा, रस्त्याच्या कामात खात्याने आपल्या बाजूची शिशाची नळी काढून तांब्याची घातली आणि कारकुनाने ‘शिसं’ खोडून ‘तांबं’ लिहिलं. नोंद खरी आहे, ताजी आहे, आणि तिच्यामुळे ती जोडणी बिनशिशाची ठरली. आत राहणाऱ्यांना फिल्टर नाही, पत्र नाही, बदलायच्या यादीत नाव नाही. म्हणून धातूच्या रकान्यावर लिहायचंच नाही. प्रत्येक बदल ही नवी ओळ: जुना धातू, नवा धातू, तारीख, कारण. ‘कधीकाळी शिसं होतं का’ याचं उत्तर त्या ओळींतून काढायचं. गूजनेकमागच्या गॅल्व्हनाइज्डबद्दल राज्याचा नियम केंद्रापेक्षा कडक असू शकतो, तो बघून मगच सूत्र लिहा.

रिकामा रकाना आणि ‘अज्ञात’ यांतही फरक ठेवा. रिकामा म्हणजे कुणी बघितलंच नाही. अज्ञात म्हणजे कागद पाहिले, कळलं नाही. पुढचं काम दोघांचं वेगळं असतं.

जुनी कार्डं

प्रत्येक शहरात कुठेतरी लोखंडी खणांत जोडण्यांची कार्डं असतात, पेन्सिलीने लिहिलेली. ती स्कॅन करून हस्ताक्षर वाचणाऱ्या सॉफ्टवेअरला देता येतात, आणि पत्ता नि साल ते बऱ्यापैकी काढतंही. धातूच्या बाबतीत मात्र त्याच्यावर विसंबू नका. एका कारकुनाचा ‘सी’ म्हणजे कॉपर, दुसऱ्याचा ‘सी’ म्हणजे कास्ट आयर्न. वरच्या ओळीसारखंच म्हणून दिलेल्या दोन टिंबांच्या खुणा यंत्राला डाग वाटतात. दोन माणसांनी वेगवेगळं वाचून भरायचं आणि जिथे फरक पडेल तिथे तिसऱ्याने बघायचं, ही जुनी पद्धतच इथे टिकते. कार्डाची प्रतिमा जोडणीच्या क्रमांकाला कायमची चिकटवून ठेवा, कारण खड्डा खणल्यावर कार्ड खोटं ठरलं की त्याच कारकुनाची बाकीची कार्डंही पुन्हा वाचावी लागतात. त्यासाठी ‘कोणाच्या हातची नोंद’ असा एक रकाना ठेवला तर सोनं.

तळघरातला फोटो

घराकडची बाजू ओळखणं अवघड नाही. तळघरात भिंतीतून नळी जिथे आत येते तिथपासून मीटरपर्यंतचा भाग बघायचा. किल्लीने किंवा नाण्याने रंग खरवडला की शिसं चांदीसारखं चमकतं, नख रुतेल इतकं मऊ लागतं आणि चुंबक चिकटत नाही. व्हॉल्व्हपाशी कांद्यासारखा फुगीर सांधा दिसला तर शंका उरत नाही. गॅल्व्हनाइज्डला चुंबक चिकटतो. तांबं खरवडल्यावर तांबडं दिसतं.

हेच घरमालकाकडून फोनवर मागवता येतं. सर्व्हे१२३ किंवा तसल्या कुठल्याही फॉर्मवर तीन फोटो: भिंतीसह नळी, खरवडलेली जागा जवळून, आणि चुंबक लावलेला. तिसरा बहुतेक जण विसरतात, म्हणून तो टाकल्याशिवाय फॉर्म पुढे जाऊ नये. ‘नळी कशाची वाटते’ असं मालकाला विचारा, पण त्याचं उत्तर वेगळ्या रकान्यात ठेवा. निर्णय कार्यालयातल्या जाणकाराने फोटो बघून घ्यायचा. सर्वाधिक चूक होते ती मीटरच्या पलीकडची नळी दाखवण्यात. घरातली नळजोडणी पुढे कधीतरी तांब्याची केलेली असते, मालक तीच दाखवतो. भिंत फोटोत हवी ती म्हणूनच.

फोनच्या जीपीएसवर जागा ठरवू नका. मोकळ्या आकाशाखाली फोन साधारण पाच मीटरपर्यंत चुकतो आणि जुन्या वस्त्यांत घरं त्याहून दाटीने उभी असतात. तळघरात तर तो काहीही दाखवतो. कर्मचाऱ्याने नकाशावरचा जोडणीचा ठिपका निवडायचा, जीपीएस फक्त ‘तुम्ही या घरापासून फार लांब आहात’ असा इशारा द्यायला ठेवायचा. कर्ब स्टॉपची जागा मात्र सेंटिमीटरमध्ये मोजणाऱ्या आरटीके रिसीव्हरने घेतली तर ती पुढची कित्येक वर्षं उपयोगी पडते. तळघरात नेटवर्क नसतं, त्यामुळे फील्ड मॅप्स हे अ‍ॅप घ्या किंवा क्यूफील्ड, ऑफलाइन भरून नंतर चढवायची सोय आधी तपासा. दोन जणांनी ऑफलाइन एकच घर भरलं तर कुणाची नोंद टिकते, तेही पहिल्याच दिवशी मुद्दाम करून बघा.

रस्त्याकडची बाजू बघायला पाण्याच्या किंवा हवेच्या झोताने माती सैल करून ती ओढून घेणारं यंत्र वापरतात. फूटभर रुंदीचं भोक पडतं. एकच भोक कर्ब स्टॉपला चिकटून पाडलं तर फसगत होते, कारण व्हॉल्व्ह कधीतरी दुरुस्त करताना त्याच्या आजूबाजूला तांब्याचा तुकडा घातलेला असतो आणि दोन-तीन फुटांवर मागे शिसं तसंच. दोन्ही अंगांना, व्हॉल्व्हपासून जरा दूर, दोन भोकं. फॉर्ममध्येही दोन नोंदी, प्रत्येकीला व्हॉल्व्हपासूनचं अंतर.

अंदाज बांधणारं मॉडेल

अज्ञात जोडण्या हजारोंनी असतात तिथे मशीन लर्निंग खरोखर कामाला येतं. याचं सगळ्यात बोलकं उदाहरण मिशिगनमधलं फ्लिंट शहर. मिशिगन विद्यापीठातल्या जेकब अ‍ॅबरनेथी आणि एरिक श्वार्ट्झ यांनी घराचं वय, जागा, किंमत आणि जुन्या नोंदी यांवरून प्रत्येक घराची नळी शिशाची असण्याची शक्यता काढणारं मॉडेल केलं. २०१७ मध्ये त्याच्या आधाराने खणलेल्या घरांपैकी सुमारे ७० टक्के ठिकाणी बदलावी लागणारी नळी निघाली. २०१८ मध्ये मॉडेल बाजूला ठेवून सरसकट खणलं आणि प्रमाण १५ टक्क्यांच्या आसपास घसरलं. यंत्रं तीच, माती तीच, पैसे तेवढेच गेले, आणि शिशाच्या नळ्या मात्र जमिनीतच राहिल्या. पुढच्या वर्षी शहर पुन्हा मॉडेलकडे वळलं.

पण मॉडेल शिकतं कशावर? जिथे शिशाचा संशय होता तिथेच खणलेलं असेल तर त्याला सगळं गाव शिशाचं वाटतं. आणि ज्यांनी आपणहून फोटो पाठवले त्यांच्यावर शिकवलं तर फॉर्म न भरणाऱ्या वस्त्यांबद्दल त्याला काहीच कळत नाही. त्या बहुधा भाडेकरूंच्या वस्त्या असतात, तिथे लहान मुलंही असतात. म्हणून सुरुवातीलाच चिठ्ठ्या टाकून निवडलेल्या जोडण्या तपासा. ८,००० अज्ञात जोडण्या असतील तर साधारण ३७० पुरतात, त्यातून एकूण प्रमाण ५ टक्के इकडेतिकडे इतक्या अचूकतेने कळतं. त्यांतल्या एखाद्या घराने दार उघडलं नाही तर शेजारचं घर घ्यायचं नाही. दारं न उघडणारी घरंच वेगळी असू शकतात.

मॉडेलच्या आकड्यावर खणायचा क्रम ठरवा. ‘शक्यता ४ टक्के’ म्हणून एखाद्या जोडणीला बिनशिशाची असा शिक्का राज्याच्या परवानगीशिवाय मारू नका. अशा २,५०० जोडण्या असतील तर त्यांतल्या १०० शिशाच्या आहेत असाच त्या आकड्याचा अर्थ आहे.

संमती, वेळापत्रक आणि मोजणी

घराकडच्या नळीला हात लावायला मालकाची परवानगी लागते. मालक उत्तर देत नसेल तर नव्या नियमात किमान ४ वेळा, किमान २ वेगळ्या मार्गांनी विचारणा करावी लागते. त्यामुळे ‘संपर्क केला: होय’ असा रकाना बिनकामाचा आहे. प्रत्येक प्रयत्न ही स्वतंत्र ओळ: तारीख, मार्ग, भाषा, कोणाला, काय झालं. मालक आणि राहणारा या दोन वेगळ्या व्यक्ती असतात, दोघांचे संपर्क वेगळे ठेवा. पत्र मालकाच्या दूरच्या पत्त्यावर जाऊन पडतं आणि घरात राहणाऱ्या बाईला काहीच माहीत नसतं, हे सतत घडतं. मालक बदलला की पुन्हा विचारायचं असतं, म्हणून बिलिंगमध्ये नवं खातं उघडलं की जुन्या मालकाच्या नकाराची नोंद आपोआप वर यावी अशी सोय करून घ्या. नेवार्कने तर शहराचा कायदाच बदलून मालकाच्या होकाराची अट काढली आणि तीन वर्षांच्या आत २३,००० च्या आसपास जोडण्या बदलल्या. सॉफ्टवेअर कितीही चांगलं असलं तरी ही गती त्याने येत नाही.

वेळापत्रकात गल्लीच्या गल्ली एकत्र घ्या. विखुरलेल्या घरांना यंत्र हलवण्यात आणि डांबर दुरुस्तीतच पैसा जातो. खणण्याआधी ८११ या फोन क्रमांकावर कळवून गॅस, वीज, केबलच्या खुणा करून घ्याव्या लागतात. त्याला बहुतेक राज्यांत दोन-तीन कामाचे दिवस लागतात आणि त्या खुणांची मुदतही संपते. तिकीट क्रमांक आणि मुदतीची तारीख कामाच्या नोंदीत असेल तर पावसाने काम पुढे गेल्यावर शिळ्या खुणांवर कुणी फावडं मारत नाही.

मोजणीतला एक बारकावा: वर्षाला सरासरी १० टक्के बदलायच्या, हिशेब तीन वर्षांचा. बदलायच्या संख्येत शिशाच्या, बदलण्याजोग्या गॅल्व्हनाइज्ड आणि अज्ञात अशा तिन्ही धरतात. ६,००० असतील तर तीन वर्षांत १,८००. अज्ञात जोडणी तपासून बिनशिशाची निघाली तर ती ६,००० मधून वजा होते, बदललेल्यांत मात्र मिळवायची नाही. डॅशबोर्डवर हे दोन आकडे एकत्र करून ‘निकाली काढल्या’ असं दाखवलं की वर्षभर सगळे समाधानी राहतात आणि अहवालाच्या वेळी खड्डा दिसतो.

कंत्राटदाराचा फोटो हा पुरावा कधी

नेवार्कच्या याच कामाला २०२४ मध्ये डाग लागला. एका कंत्राटदार कंपनीच्या प्रमुखांवर आणि मुकादमावर केंद्र सरकारने गुन्हा दाखल केला: काही ठिकाणी शिशाची नळी जमिनीत तशीच ठेवून काम पुरं झाल्याचं शहराला दाखवलं, असा आरोप. ज्या घरांना ‘आता पाणी निर्धोक आहे’ असं सांगितलं गेलं त्यांनी फिल्टरही बाजूला ठेवला असणार. हे वाचून पोटात कालवतं.

ज्याला फोटोवर पैसे मिळतात त्याचाच फोटो एकमेव पुरावा असू नये. फोटो अ‍ॅपच्या कॅमेऱ्यातूनच निघावा, गॅलरीतून चढवायची सोय बंद. मेसेजिंग अ‍ॅपवरून आलेला फोटो घेऊ नका, त्यात वेळ आणि जागेची माहिती गळून पडते. किमान पाच क्षण: मुख्य वाहिनीपाशी जुना फेरूल, तिथेच नवा, कर्ब स्टॉपची दोन्ही तोंडं, तळघरातून आत आलेली नवी नळी भिंतीसह, आणि निघालेली जुनी नळी मोजपट्टीशेजारी. प्रत्येक चौकटीत जोडणीचा क्रमांक लिहिलेली पाटी. वेळांचा क्रम संगणकाने तपासायचा: सकाळी ९.१० ला जुना फेरूल आणि ९.१८ ला नवा, तर कुणीतरी तिथे जाऊन बघायला हवं. एकच फोटो दोन घरांना लावलेला पकडणं तर सोपं आहे, फाइलची बोटांच्या ठशासारखी हॅश जुळवून. आणि एवढं करूनही दर महिन्याला चिठ्ठ्या टाकून काही बुजवलेले खड्डे खात्याच्या माणसाने पुन्हा उघडायचे, ही अट निविदेतच हवी.

पाणी सुरू केल्यानंतर

‘काम पूर्ण’ ही तारीख म्हणजे नव्या नळीतून पाणी सुरू केल्याचा दिवस. बिल आल्याचा नाही, डांबर टाकल्याचाही नाही. पुढची सगळी घड्याळं या तारखेवर चालतात. त्याच दिवशी नळांच्या तोंडच्या जाळ्या काढून, सगळ्यात खालच्या मजल्यापासून वर जात, थंड पाण्याचे सगळे नळ पूर्ण सोडून किमान ३० मिनिटं वाहू द्यायचे. जाळी काढल्याची नोंद वेगळी घ्या. करड्या रंगाचे शिशाचे कण अडकतात ते तिथेच. नळी वापरात देण्याआधी घरात शिशासाठी प्रमाणित फिल्टर आणि त्यात बदलून घालायची सहा महिन्यांची काडतुसं (कार्ट्रिज) पोचलेली हवीत. ३ ते ६ महिन्यांच्या दरम्यान पाण्याचा नमुना घ्यायची तयारी दाखवायची, म्हणून ‘पूर्ण’ दाबताच ९० व्या दिवसाचं काम आपोआप तयार व्हावं.

प्रयोगशाळेची फाइल थेट आत घेताना एकक बघा. एक प्रयोगशाळा ०.०१२ लिहिते, मिलिग्रॅममध्ये. दुसरी १२ लिहिते, मायक्रोग्रॅममध्ये. दोन्ही एकच आहेत. एककाचा रकाना न वाचता फाइल घेतली तर १० च्या वर गेलेलं घर शून्याजवळ दिसतं आणि कुणाला पत्र जात नाही. ‘१ पेक्षा कमी’ असा मजकूर आला तर त्याचं शून्य करू नका, खूण आणि आकडा वेगळे ठेवा. शिशाची जोडणी असलेल्या घराच्या नियमित नमुन्यात पहिला आणि पाचवा लिटर दोन्ही तपासतात, कारण पाचव्यात घराबाहेरच्या नळीत मुरलेलं पाणी येतं. बाटल्यांचे बारकोड अदलाबदल झाले तर घरातला नळ दोषी की नळी, हे उलटं दिसतं.

लोकांसाठीची जोडण्यांची यादी ५०,००० हून जास्त लोकांना पाणी देणाऱ्या खात्यांना इंटरनेटवर ठेवावीच लागते. ती नकाशावर दाखवताना अज्ञात जोडण्यांना हिरव्याच्या जवळचा रंग देऊ नका. करडाही नको, तो ‘लागू नाही’ असा वाचला जातो. आणि ठिपक्यावर दाबलं की ‘फिल्टर मागा’ हे बटण दिसलं पाहिजे, नुसता धातू नव्हे.

जुनी नळी प्रत्येक वेळी बाहेर निघतेच असं नाही. केबलने ओढून तिच्याच जागी नवी घालायची पद्धत आहे, पण खडकाळ मातीत ती तुटते, मग शेजारून नवी घालून जुनी कापून तशीच सोडतात. अशा मेलेल्या नळीची रेघ नकाशावर वेगळ्या थरात काढून ठेवा: दोन्ही तोंडं कुठे कापली, किती खोल आहे, घराच्या कोपऱ्यापासून आणि कर्ब स्टॉपपासून किती फुटांवर. वीस वर्षांनी तिथे दुसरी गळती शोधणाऱ्याच्या खड्ड्यात ती करडी नळी दिसेल, तेव्हा ती चालू आहे की मेलेली हे त्याला फोनवर तिथल्या तिथे कळायला हवं.